कवेलूवाले भाऊ

माझं माहेर चंद्रपूरचं. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, त्यामुळे राहायला सिमेंटचं क्वार्टर. घराच्या छपराला दर वर्षी कुणाला तरी चढून हात लावावा लागतो, ही गोष्ट लग्न होईपर्यंत माझ्या गावीही नव्हती. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी वडशाजवळच्या एका खेड्यात सून म्हणून आले. मातीच्या जाड भिंती, वर बांबूंची मांडणी आणि त्यावर गावठी कवेलू, म्हणजे मातीची कौलं. उन्हाळ्यात घर इतकं गार राही की मी माहेरी पत्र लिहून क्वार्टरची खिल्ली उडवली होती.

मग वैशाखात एके सकाळी अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, भोकाभोकांचं बनियन, खांद्यावर बांबूची शिडी. शिडी भिंतीला लावून त्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"मी वर चढून राह्यलो होऽ! ज्याचं जे असन थे काढून घ्याऽ!"

आणि आमच्या घराकडे चक्क पाठ फिरवून तो आंब्याखाली बसला आणि बिडी पेटवली.

मला वाटलं, छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या-बोरांबद्दल बोलत असेल. मी वर पाहिलं, तिथे काही नव्हतं. इतक्यात घरात हालचाल सुरू झाली. सासरे एरवी दुपारपर्यंत खाटेवरून उठत नसत, ते उठून "विंचू हाये का पाहतो" म्हणत माळ्याच्या कोपऱ्यात गेले आणि पंच्याखाली एक बाटली लपवून गोठ्याकडे निघून गेले. मग आमचे हे. यांना अचानक कंदिलाची वात आठवली. आढ्याच्या खाचेतून यांनी सिगारेटचं पाकीट काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि हा माणूस मला सांगत होता की आपण सुपारीसुद्धा खात नाही. सगळ्यात शेवटी सासूबाई. त्यांनी मला "जाय, भाऊले पाणी दे" म्हणून बाहेर पिटाळलं. मी पाणी देऊन वळले तर त्या खाटेवरून उतरत होत्या आणि त्यांच्या मुठीत गुडाखूची डबी होती. दात घासायचा तो तंबाखू घरातल्या बायांनी लावू नये, असं मला बजावणाऱ्या त्याच.

कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. सगळे आपापल्या जागी येऊन बसल्यावर अंगणातल्या माणसाने, न वळता, विचारलं, "झालं काय?"

"झालं," सासरे म्हणाले.

तेव्हा तो उठला, पायांतल्या वहाणा काढल्या, आणि छपरावर चढला.

ते आमचे कवेलूवाले भाऊ. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कधी विचारावंसंही वाटलं नाही. सगळे भाऊच म्हणत. जातीने ढिवर. पावसाळाभर तळ्यात मासे धरायचे, हिवाळ्यात जाळी विणायची आणि उन्हाळ्याचे दोन महिने गावोगावची छपरं फेरायची. कवेलू फेरणं म्हणजे जुने सगळे काढून, झाडून, फुटके टाकून, पुन्हा ओळीने बसवणं. भाऊ म्हणत, "मी पाण्यातला माणूस हावो. पाणी कुठून घुसते थे मले नाई समजन तर कोणाले समजन?" त्यांच्या हातचं घर गळत नाही, ही त्यांची ख्याती होती आणि तीच त्यांची मिळकत होती. त्यापलीकडे त्यांच्याकडे एक फाटकं जाळं आणि चिडकी बायको एवढंच होतं. हे शब्द त्यांचेच, माझे नव्हेत.

वर चढताना ते डोक्याला दुपट्टा असा गुंडाळत की दोन्ही बाजूंनी डोळ्यांना आड येई, गाडीच्या घोड्याला बांधतात तसं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, छपरावरून साऱ्या गावाच्या न्हाण्या दिसतेत. मले कवेलू दिसले म्हणजे झालं." त्यामुळे व्हायचं काय की त्यांना बाजूचं काहीच दिसत नसे. एकदा ते कवेलू लावत लावत शेजाऱ्याच्या छपरावर गेले आणि अर्धी ओळ त्याचीही फुकट फेरून आले. शेजाऱ्याने कित्येक वर्षं याची आठवण काढून आमच्याकडून विस्तव मागून नेला. उपकार नेमका कोणाचा कोणावर, हे त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं.

वानरांशी त्यांचं सख्य होतं. गावात वानरांची टोळी यायची आणि कवेलूंचा चुरा करून जायची. लोक गोफणी घेऊन धावत. भाऊ मात्र होळी झाली की तळ्याच्या पाळीवर जाऊन त्यांना मूठमूठ चणे घालत. "हे माहे भागीदार हायेत," म्हणत. "ह्यायनं फोडलं नाई तर मले कोण बलावन?"

घराशी बोलायची खोड तर विचारूच नका. चढण्याआधी ते मधल्या खांबाला थाप मारून "कसा हायेस गा?" असं विचारत आणि थोडं थांबून, जणू उत्तर आलं, अशी मान हलवत. त्यांचा एक सिद्धांत होता की ज्या घरात कुरबुर जास्त, त्या घराचे कवेलू जास्त सरकतात. सासरे म्हणत, "म्हंजे माहं घर पाहून तुले सारंच समजते?" भाऊ म्हणत, "दाजी, तुमचं घर तर म्या चढायच्या आधीच ऐकू येते."

आता त्या आरोळीबद्दल. मला ती इतकी विलक्षण वाटली की मी त्यांच्या खनपटीलाच बसले. त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते एका घराचं छप्पर फेरत होते. माळ्याच्या कोपऱ्यात मोहाच्या दारूची शिशी सापडली. ते भोळेपणाने ती हातात धरून खाली आले आणि भर अंगणात विचारलं, "ही कोणाची?" त्या घरात दोघे सख्खे भाऊ, त्यांच्या बायका, म्हातारी आई. ती शिशी धाकट्याची नव्हती, थोरल्याचीही नव्हती, म्हातारीचीही नव्हती. कुणाचीच नव्हती. संध्याकाळपर्यंत भांडण इतकं वाढलं की पावसाळ्याआधी त्या घरात मधोमध भिंत उभी राहिली.

"एका शिशीपायी दोन चुली झाल्या, सूनबाई," ते म्हणाले. "थ्या भिंतीचे कवेलूही मलेच बसवा लागले. थ्या दिवसापासून पह्यले हाक देतो. हाक देल्लियावर जे वर राह्यलं, थे मालकाले तिथंच ठेवाचं हाये, असं समजाचं. मी उचलतो, झाडतो, जागच्या जागी ठेवतो. तोंड उघडत नाई."

पण तोंड अजिबात उघडायचं नाही म्हणजे माणसाचं पोट फुटेल. तेव्हा भाऊंनी एक तोड काढली होती. सापडलेली वस्तू ते सांगत, घर सांगत नसत. घर नेहमी नदीपलीकडचं. वैनगंगेच्या पलीकडे म्हणे एक गुरुजी होते, इतके कडक की पोरं त्यांच्या सावलीला घाबरत, आणि त्यांच्या माळ्यावर घुंगरू, लांब केसांचा टोप आणि लाल काकणं सापडली. झाडीपट्टीच्या नाटकात ते दूरच्या गावी बाईचं काम करत आणि शाळेत कुणाला पत्ता नव्हता. पलीकडे एक म्हातारा होता, त्याने आढ्याला एक लाकडी पाळणा बांधून ठेवला होता. घरात लेकरू कधी झालंच नव्हतं. भाऊंनी तो झाडला, पुसला आणि पुन्हा तिथेच बांधला. हे सांगताना ते हसले नाहीत. पलीकडे एक घर होतं, तिथे कवेलूंखाली लेकरांचे दुधाचे दात सापडले. पडलेला दात छपरावर फेकायची रीत सगळीकडेच आहे, पण या घरचे पाच पिढ्यांचे दात तिथे जमले होते आणि भाऊंनी ते सगळे वेचून परत पसरले. गावातला एखादा मिशावाला फार तोऱ्यात बोलला की ते म्हणत, "जपून बोला, तुमचे दात म्या पाह्यले हायेत."

आम्हाला वाटे, नदीपलीकडचे लोक म्हणजे एकूण चमत्कारिकच. पुढे माझी नणंद तिकडे दिली. ती पहिल्या दिवाळीला आली ती खो खो हसतच आली. तिकडे म्हणे भाऊ सगळ्या गोष्टी आमच्या बाजूच्या म्हणून सांगत.

हे सगळं मजेचं. पण भाऊ मला आठवतात ते एवढ्यासाठी नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. मंडईला जायचं म्हणजे घरातल्या तान्ह्या पोरासकट सगळ्यांनी जायचं. घराला फक्त कुलूप. रात्रीच्या गर्दीत सोनं अंगावर नको, म्हणून निघण्याआधी प्रत्येक घरची बाई ते घरातच कुठेतरी दडवून ठेवते. चोरांनाही हे ठाऊक असल्यामुळे जागा दर वर्षी बदलावी लागते. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही मंडईला गेलो, सकाळी डुलक्या घेत परत आलो आणि सासूबाईंची गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी गायब झाली. ती त्यांच्या आईची होती. दुसरा दागिना त्यांच्या अंगावर कधी चढला नव्हता.

"तांदुळाच्या कोठीत ठेवली होती," त्या म्हणाल्या.

कोठी उपसली. तळापर्यंत तांदूळच निघाले. आणि सकाळी आल्याबरोबर भातासाठी तांदूळ काढले होते मी.

मला कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, चंद्रपूरची पोरगी आहे. सासूबाईंनी फक्त कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तांदूळ रोज त्या स्वतः मोजून देऊ लागल्या. शेजारणी आल्या की "काय सांगू वो, घरातल्या घरात गेली" एवढं म्हणून माझ्याकडे न पाहण्याची फार काळजी घेत. मी केलेला चहा त्या प्यायच्या नाहीत, पोटात जळजळते म्हणायच्या. यांनी एक-दोनदा आईला समजावलं, मग सिगारेटच्या खेपा वाढवल्या. मला दिवस गेले की सासूबाई सगळं विसरतील, असं सासरे म्हणत. माहेरी पाठवून द्यावं, असं एक मावशी म्हणाली. तेही कुजबुजून नव्हे, मला ऐकू जाईल असंच. हिवाळा तसा गेला. मला त्या घरात स्वतःच्या पावलांचा आवाज नकोसा झाला होता.

वैशाखात भाऊ आले. शिडी लावली, हाक दिली, पाठ फिरवून बसले. सगळ्यांनी आपापली ठेव काढून नेली. मी त्यांना पाणी द्यायला गेले तर माझ्याकडे पाहून म्हणाले, "काऊन वो सूनबाई, बिमार होती काय?" मी नुसता तांब्या पुढे केला. पण सासूबाई ओसरीतून बोलल्या. भाऊंची पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांना आणखी जोर चढला. एकदाणी, मंडई, कोठी, तांदूळ कोणी काढले, सगळं त्यांनी त्या पाठीला सांगितलं. भाऊ बिडी ओढत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "वाईट झालं, बाई."

काम सुरू झालं. पडवीवरचे कवेलू काढताना भाऊ बराच वेळ एकाच जागी वाकून बसलेले मला दिसले. मग ते खाली उतरले, दुपट्टा सोडला आणि अंगणात उभं राहून पुन्हा ओरडले, "ज्याचं जे असन थे काढून घ्याऽ!"

आम्ही हसलो. सासरे म्हणाले, "काढलं ना गा बाप्पा! आता काय भिंती काढाच्या?"

ते वर गेले. घटकाभराने पुन्हा खाली. यावेळी ते सासूबाईंच्या समोरच जाऊन उभे राहिले. "बाई, तुमचं काई वर राह्यलं तर नाई?"

"माहं काय राहीन? होतं थे गेलं ना," सासूबाई फणकारल्या.

"पडवीत? खाटेच्या वरतं?"

"नाई म्हणतलं ना!"

भाऊंचा चेहरा त्या वेळी का उतरला होता, ते मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शिडी धरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत छप्पर फेरून झालं. जाताना त्यांनी नेहमीसारखी खांबाला थाप मारली नाही.

पाऊस लागला आणि आमचं घर गळलं.

एकाच ठिकाणी गळलं, पण कुठे? सासूबाईंच्या उशीवर. पडवीच्या भिंतीपाशी छप्पर बरंच खाली होतं आणि बांबूंची तोंडं भिंतीवर येऊन थांबत. त्यांतल्या एका बांबूच्या तोंडातून पाण्याची धार लागली ती नळ सोडावा तशी. सासूबाई दुपारच्या लवंडल्या होत्या, त्या ओरडतच उठल्या. बाकी घर कोरडं ठणठणीत. त्या पावसात डोक्यावर सूप धरून त्या गल्लीत उभ्या राहिल्या आणि भाऊंचा उद्धार केला. "म्हणते का माह्या हातचं घर गळत नाई! या, पाहा म्हणा माह्या उशीवर तळं झालं!" गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं. यांना भाऊंकडे पिटाळलं. हे भिजत गेले आणि भिजत परत आले.

"येत नाई म्हणते."

"नाई म्हणते?" सासऱ्यांचा विश्वास बसेना. भाऊ वादळातसुद्धा एखाद्या म्हातारीचं एक कवेलू सरळ करायला जात.

"पायात काटा मोडला म्हणते. अन् म्हणते, बाईले सांग, बांबूत बोळा घाला."

भाऊ तोच पाय ओट्यावर पसरून जाळं सांधत बसले होते आणि काटा काही दिसला नाही, हेही यांनी सांगितलं.

सासूबाई दात-ओठ खात खाटेवर चढल्या. मी खाली चिंध्यांचा बोळा धरून उभी. एरवी माझ्या हातचं काही घेत नसत, पण आता घेतला. बांबूच्या तोंडात तो कोंबू लागल्या. बोळा आत जाईना. त्यांनी जोर लावला. मग बोळा काढून त्यांनी बोटं आत घातली, आणि तशाच थांबल्या. पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळून माझ्या अंगावर पडत होतं. त्यांनी हळूहळू एक गाठोडं ओढून काढलं. त्यांच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, वर त्या मारतात तशी दुहेरी गाठ.

मी त्यांचं तोंड पाहत होते. मंडईच्या दिवशी आधी कोठीत ठेवलेली एकदाणी, गाडी जुंपायच्या गडबडीत, कोठीत तर सगळेच ठेवतात असं वाटून त्यांनी पुन्हा काढली असणार आणि याच खाटेवर चढून याच हाताने तिथे सारली असणार. ते सगळं त्यांना तिथे उभ्याउभ्या आठवत होतं आणि मला दिसत होतं.

गाठ त्यांनी सोडली. एकदाणी होती.

"उंदरानं नेली असन," त्या म्हणाल्या.

सासरे दारात उभे होते. "उंदीर गाठ मारते काय?" ते म्हणाले आणि चिलीम शोधायला निघून गेले.

सासूबाईंनी एकदाणी गळ्यात घातली. संध्याकाळी कोठीचं कुलूप निघालेलं होतं. मी केलेला चहा त्या प्यायल्या. बोलल्या मात्र एक शब्दही नाही. मीही नाही. माझा जीव हलका झाला होता, पण राग जात नव्हता. एवढा मोठा आळ आणि तो धुतला कोणी, तर उंदराने!

पाऊस थांबल्यावर सासरे वर चढून आले. म्हणाले, सगळे कवेलू काट्यासारखे नेमके बसलेत, फक्त त्या बांबूवरचं एक उलटं. वरच्या कवेलूची कड खालच्याच्या वर यायला हवी, ती मुद्दाम खाली सारलेली. आणि बांबूला तिथेच चीर. चिरेतून भाऊंना हिरवं कापड दिसलं असणार. मी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन मासे आणायच्या निमित्ताने तळ्यावर गेले. भाऊ काठावर बसून जाळं पिळत होते.

"भाऊ, तुमी सांगतलं काऊन नाई तवाच?" मी विचारलं. तोपर्यंत मीही तशीच बोलू लागले होते.

"म्या काढून देल्ली असती," ते म्हणाले, "तर बाई म्हणाली असती, सुनेनं ठेवली अन् भाऊनं सांगतली. तिच्या हातानं ठेवली, तिच्याच हातानं निंगाली पायजे होती. अन् मी कोणाले काई सांगतलं काय? पाण्यानं सांगतलं."

असं म्हणून त्यांनी माझ्या वाटीत दोन बोटवे मासे टाकले आणि विषय संपवला.

पण तो संपला नाही. एकदाणी कुठे आणि कशी सापडली, हे आमच्या घरातच राहिलं. बाहेर गेलं ते एवढंच, की भाऊंच्या हातचं घर गळलं. सासूबाईंनीच ते सूप धरून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी होळी झाली, भाऊंनी वानरांना चणे घातले, शिडीला नवी दोरी बांधली, आणि कुणी बोलावलंच नाही. लोकांनी पलीकडच्या गावचा एक तरुण गडी ठरवला. तो कवेलू पटापट लावायचा, रेडिओ सोबत घेऊन चढायचा, आणि पहिल्याच घरात सापडलेली वस्तू हातात नाचवत खाली आला. भाऊ रोज सकाळी शिडी खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत येत आणि तशीच घेऊन परत जात. ते काही सांगत नव्हते. एक वाक्य बोलले असते तर त्यांचं नाव धुऊन निघालं असतं. मला ते बघवत नसे. मी बोलले असते, पण मी बोलले म्हणजे सासूबाई गावात तोंडघशी पडणार, आणि भाऊंनी इतकं केलं ते तेवढं टाळायलाच.

एके दिवशी ते असेच आमच्या दारावरून परत गेले तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आपलं छप्पर यंदा कोण फेरन?" त्यांनी गुडाखूची डबी उघडी काढली, माझ्यासमोर, आणि बराच वेळ दातांवर बोट फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरिंगवर पाण्याला गेले. माझ्या मागोमाग सासूबाई आल्या. त्या कधी बोरिंगवर येत नसत, गुडघे दुखायचे. सगळ्या बाया होत्या. त्यांनी घागर खाली ठेवली आणि ज्या आवाजात त्या पावसात ओरडल्या होत्या त्याच आवाजात बोलल्या.

"ऐका वो सगळ्याजणी. भाऊच्या हातचं घर गळत नाई. माही एकदाणी मीच बांबूत ठेवली होती अन् विसरली. थ्यानं कवेलू मुद्दाम उलटं लावलं, मले सापडावी म्हणून. सारा हिवाळा म्या दुसऱ्यावर आळ घेतला. आता कोणाले कवेलू फेराचे असन तर थ्यालेच बलावा."

हँडल मारणारी बाई थांबली. मग पाण्याची शेवटची धार तेवढी घागरीत पडली.

दुपारी भाऊ आमच्या अंगणात येऊन उभे. शिडी नाही, हाक नाही, चेहरा लाल. त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, घरातली गोष्ट बोरिंगवर काऊन सांगतली तुमी? म्या एवढी झाकली! माहं काम गेलं तरी तोंड उघडलं नाई! अन् तुमी साऱ्या गावात बोंबलून आल्या!"

सासूबाई धान पाखडत होत्या. त्या तशाच सूप हलवत म्हणाल्या, "भाऊ, गोष्ट माही होती. म्या सांगतली."

  भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं.

"साऱ्या गावाले सांगतली," ते म्हणाले, "अन् सूनबाईले?"

सूप थांबलं. मी तुळशीपाशी भांडी घासत होते. माझ्याकडे उत्तरं तयार होती, सगळ्या हिवाळ्यात घोळवलेली, एकेक धारदार. सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि माझ्यापर्यंत आल्या. मला त्या नेहमी "ये पोरी" म्हणत.

"बाई," त्या म्हणाल्या, "माहं चुकलं वो."

 राखेचे हात तसेच धरून मी म्हटलं, "चहा ठेवू काय?"

"ठेवा ना," भाऊ म्हणाले. "माह्यात साखर जास्त टाका. सकाळपासून डोस्कं फिरलं हाये माहं."

आम्ही तिघांनी अंगणात बसून चहा घेतला. त्या घरात येऊन मला दोन पावसाळे झाले होते, पण त्या घरची मी झाले ती त्या दुपारी.